पुराव्यानिशी बाळ

मी मूळचा संशयी नाही. पण बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढली की मूळचं काय आणि नंतरचं काय, हे माणसाचं त्यालाच कळेनासं होतं. सौ.ने किराणा सामानाची यादी लिहून खाली गमतीने सही केली, तरी मी ती यादी उजेडात धरून बघतो. लग्नपत्रिकेवर ‘आपला नम्र’ असं छापलेलं दिसलं की खरी सही कुठे आहे, असा प्रश्न मनात येऊन जातो. एकदा नवी पेठेत एक जुना वर्गमित्र कडकडून भेटला आणि “ओळखलंस का?” म्हणाला, तेव्हा माझ्या तोंडून “काही ओळखपत्र?” एवढं निघता निघता राहिलं.

तेव्हा पुरावा या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असं मी समजतो. पण पुरावा कसा मागावा हे मला कुणी शिकवायला नको. मला प्रश्न पडला आहे तो असा, की पुरावा मागायचा कुणाकडे आणि कुणाला तसंच सोडायचं, हे ठरतं कशावरून? प्रश्न जरा तात्त्विक आहे. बी.कॉम. झालेल्या माणसाला एरवी तो पडू नये. पण तो एका तान्ह्या बाळामुळे पडला, आणि बाळापुढे कुणाचं काय चालतं?

आधी माझ्या घरचं सांगतो. आमचे चिरंजीव 2016 साली जन्मले. मी बँकेत दोन ओळींचा अर्ज दिला : ‘पत्नी प्रसूत झाल्याने पितृत्व रजा मिळावी, ही विनंती.’ मॅनेजरसाहेबांनी अर्ज वाचलाही नाही. “अरे वा! मुलगा की मुलगी?” एवढी एकच चौकशी झाली आणि पंधरा दिवसांची भरपगारी रजा मंजूर झाली. “जन्माचा दाखला सवडीने आणून द्या,” साहेब म्हणाले. ती सवड मला आजतागायत झालेली नाही. त्या दिवशी पेढा हा एकमेव पुरावा मी सादर केला होता, आणि तो साहेबांनी जागच्या जागी नष्ट केला.

त्या पंधरा दिवसांत मी काय केलं? खरं सांगायचं तर झोपलो. बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू नीट जमलेत की नाहीत हे दिवसातून चारदा तपासलं. पंधरा दिवसांत माझं वजन दोन किलोंनी वाढलं. बाळाचं अर्ध्या किलोनेही नाही. सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिला एकशे ऐंशी दिवसांची भरपगारी रजा मिळाली, तीही एका पानाच्या अर्जावर. म्हणजे आमच्या एका बाळापायी आम्हा दोघांना मिळून साडेसहा महिन्यांचा पगार घरबसल्या मिळाला. आणि बाळ खरोखरच झालं आहे का, हे बघायला कुणीही आलं नाही. त्यात आम्हाला काही विशेषही वाटलं नाही. हक्काची रजा, हक्काने घेतली.

आता दुसरं घर. आमच्याकडे धुणंभांड्याला ज्या येतात त्यांना आम्ही अक्का म्हणतो. सोलापूरच्या पूर्व भागात राहतात. त्यांची सून घरी बसून विड्या वळते. तेंदूची पानं, तंबाखू, कातर आणि मांडीवर सूप एवढं तिचं ऑफिस. दिवसाला हजार विड्या ही तिची एरवीची गती. विडी कारखान्याचं कार्ड सासूच्या नावावर आणि हात सुनेचे. त्यामुळे कागदोपत्री ही मुलगी काहीच करत नाही. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही बाळंतपणाचे फायदे मिळावेत, अशी तरतूद 1966 च्या विडी कामगार कायद्यात होती. पण ती नोंद असलेल्या बाईसाठी. हिची नोंद एकाच ठिकाणी, अक्कांच्या बोलण्यात : “आमची सून लई गुणाची.”

या सुनेला पहिले दिवस गेले. वस्तीतल्या आशाताईंनी तिला प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचं सांगितलं. ही योजना 2017 सालच्या जानेवारीपासून देशभर लागू झाली. पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये. 2022 मध्ये नियम बदलले, तेव्हापासून ते दोन हप्त्यांत मिळतात : गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाली की तीन हजार, आणि बाळाच्या जन्माची नोंद होऊन सुरुवातीच्या लसी टोचल्या की दोन हजार. दुसरी मुलगी झाली तर सहा हजार एकदम. हेतू फार चांगला आहे. मजुरी बुडते तिची थोडी भरपाई व्हावी, आणि बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर पुरेशी विश्रांती मिळावी.

विश्रांती हा शब्द ध्यानात ठेवा. त्या विश्रांतीसाठी ती मुलगी किती वेळा घराबाहेर पडली ते आता सांगतो.

पहिल्या खेपेला आधार कार्ड माहेरच्या नावाचं निघालं आणि बँकेचं पासबुक सासरच्या. “नाव एक करून आणा.” दुसऱ्या खेपेला आधार केंद्रावर लग्नाचा कागद मागितला. लग्नाला चारशे माणसं जेवून गेली होती, पण कागद कुणीच केला नव्हता. तिसरी खेप तो कागद करण्याची. चौथी पुन्हा आधार केंद्राची. पाचव्या खेपेला माता-बाल संरक्षण कार्डाची झेरॉक्स राहिली होती. सहावी खेप बँकेत, खात्याला आधार जोडण्याचा फॉर्म द्यायला. त्या दिवशी “सर्व्हर बंद आहे, पुढच्या आठवड्यात या” असं सांगितलं गेलं. पुढच्या आठवड्यात तिला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं, आणि ते राहूनच गेलं. सातवी खेप पैसे आले का ते बघायची. कॉम्प्युटरवर ‘रक्कम जमा’ असं दिसत होतं आणि पासबुकात बाकी होती एकशे अठरा रुपये.

हे सगळं मला अक्कांनी भांडी घासता घासता सांगितलं. मी आरामखुर्चीत बसून ‘अरेरे’ म्हणत होतो. सरकारी कारभाराला नावं ठेवायला मला मनापासून आवडतं. ते आपल्या बँकेचं नसलं की झालं.

“आणि अक्का, तो सर्व्हर बंद म्हणणारा कोण?” मी तावातावाने विचारलं. “कुठली बँक?”

“तुमचीच की साहेब.”

“बरं. पण कोणत्या काउंटरवर गेली होती ती?”

“खिडकीजवळच्या. पंख्याखाली बसलं होतं म्हणं कुणीतरी. मान वर केली नाही, त्यामुळं तोंड बघितलं नाही तिनं.”

वाचकहो, आमच्या शाखेत खिडकीजवळ, पंख्याखाली, एकच काउंटर आहे. सोलापूरच्या मे महिन्यात ती जागा मिळावी म्हणून मी तीन वर्षं वशिला लावला होता.

मला ती मुलगी आठवेना. आठवणार कशी? मान वर न करता “पुढच्या आठवड्यात या” असं मी त्या महिन्यात किती जणांना म्हणालो असेन, याची नोंद कुठल्याच खतावणीत नाही. सर्व्हर बंद होता हे खरं. पण फॉर्म ठेवून घेता आला असता, हेही तितकंच खरं. फॉर्म ठेवून घेतला तर त्यावर तारीख पडते, आणि तारीख पडली की काम करावं लागतं. वीस वर्षांत एवढी अक्कल मला आलेली आहे.

मग मात्र मी कंबर कसली. संध्याकाळी अक्का सुनेला घेऊन घरी आल्या. बाळ एव्हाना जन्मलं होतं, सव्वा महिन्याचं होतं आणि सौ.च्या मांडीवर बसून माझ्याकडे संशयाने बघत होतं. सरकारचा पैसा आधारवर येतो तेव्हा तो अर्जात लिहिलेल्या खात्यात जातोच असं नाही. ज्या बँकेत आधार शेवटचं जोडलेलं असतं, तिथे तो जातो. आता हे गुपित बँकवाल्यांना ठाऊक असतं. विड्या वळणाऱ्यांना कोण सांगणार? कुठली बँक जोडलेली आहे ते ऑनलाइन बघता येतं, पण त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आणि तो मोबाइल होता अक्कलकोटला, तिच्या वडिलांच्या खिशात.

मी फोन लावला. “नमस्कार, मी बँकेतून बोलतोय. तुमच्या मोबाइलवर एक नंबर आला असेल, तो सांगा.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग शांत, ठाम आवाज आला, “बँकेतूनच सांगितलंय, ओटीपी कुणाला सांगायचा नाही म्हणून.” आणि फोन बंद.

हेच वाक्य मी रोज पन्नास जणांना सांगतो. आमच्या शाखेत त्याचा फलकही आहे, तोही माझ्याच काउंटरवर. जन्मात पहिल्यांदा एका ग्राहकाने माझं ऐकलं, आणि ते असं. शेवटी मुलीने फोन घेतला, रडवेल्या आवाजात काही बोलली, मग ओटीपी मिळाला. पैसे सापडले. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी माहेरी एका दुसऱ्या बँकेत तिचं खातं उघडलं होतं. ती ते विसरली होती. आधार विसरलं नव्हतं. तीन हजार रुपये चार महिने तिथे निवांत पडले होते. विश्रांती मिळाली होती ती पैशाला!

आणि माझ्या ध्यानात आलं, की त्या सहाव्या खेपेला मी फॉर्म घेतला असता, तर आधार आमच्या बँकेत जोडलं गेलं असतं आणि ते तीन हजार तिला पोटुशी असतानाच मिळाले असते. दूध, फळं, चार दिवस आराम, जे काही त्यात बसलं असतं ते.

“माझंच चुकलं साहेब,” ती मुलगी म्हणाली. “जुनं खातं होतं ते सांगायला पाहिजे होतं मी.”

यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. मी चष्मा पुसला.

त्या रात्री मी कागद घेतला आणि वाणिज्य शाखेच्या पदवीला स्मरून हिशेब मांडला. जमा बाजूला तीन हजार रुपये. नावे बाजूला सात खेपा, रिक्षा, झेरॉक्स, फोटो, आणि त्या सात दिवसांत न वळलेल्या विड्या. पोटुशी असताना हात मंदावतो; दिवसाला सहाशे धरल्या तरी चार हजार दोनशे विड्या. शिवाय दर खेपेला सोबत म्हणून अक्कांचा खाडा. आमच्या घरचाही त्यात आला. त्या दिवशीची भांडी सौ.ने घासली आणि मी सरकारी अनास्थेवर बोललो.

आता तुम्ही म्हणाल, तपासणी नको का? लोकांच्या करातून आलेला पैसा आहे. मीही तेच म्हणतो. मी काही भोळा नाही. वारलेल्या वडिलांची पेन्शन श्रद्धेने उचलणारे सुपुत्र मी पाहिले आहेत. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी माझ्यासमोर उभं राहून खोकतात, तरी मी त्यांच्याकडे हयातीचा दाखला मागतो आणि त्यांनाही त्यात गैर वाटत नाही. तपासणी हवीच. पण तिचा खर्च कुणी सोसायचा? माझ्या रजेच्या वेळी विश्वास ठेवण्याची जोखीम बँकेने सोसली. अक्कांच्या सुनेच्या वेळी विश्वास कमावण्याची मजुरी तिने भरली. माझ्या पंधरा दिवसांचा पगार तिच्या पाच हजारांपेक्षा कितीतरी जास्त होता. मी लबाडी केली असती तर नुकसान मोठं होतं. तरी दोन ओळींत काम भागलं, कारण माझ्यामागे पगारपत्रक होतं. जो अडचणीत नाही त्याच्यावर जग पटकन विश्वास ठेवतं, आणि अडलेल्याला म्हणतं, अडला आहेस हे आधी सिद्ध कर.

माझा एक मावसभाऊ स्वीडनमध्ये स्टॉकहोमला असतो. त्याला मुलगी झाली तेव्हा मी त्याला फोनवर विचारलं, “काय काय कागद लागले रे?” त्याला प्रश्नच कळला नाही. त्या देशाने 1974 साली आईचा भत्ता बदलून आई-बाप दोघांचा केला. आता दोघांना मिळून एका मुलामागे चारशे ऐंशी दिवस मिळतात. मावसभावाने सोफ्यावर पडून मोबाइलवर अर्ज केला. श्रीमंत देश आहे, त्यांना परवडतं, हे कबूल. पण खरी गोम वेगळीच आहे. तिथे भत्ता कारखान्याच्या मालकालाही आहे आणि तिथल्या झाडूवालीलाही. सगळ्यांनाच द्यायचं एकदा ठरलं, की कोण गरीब याचा पुरावा मागण्याचं कामच उरत नाही. आपल्याकडे निम्मा जीव नको त्याला गाळण्यात जातो, आणि चाळणी हलवता हलवता जिला द्यायचं तीच दमून घरी जाते.

बरं, हा विचार आपल्याला परका आहे असंही नाही. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. मुद्दा साधा आणि सरळ होता : आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारनेच उचलायला हवा. दुसऱ्या वर्षी कायदा झाला. यात मेहेरबानीचा शब्द नाही. राष्ट्राचं काम करणाऱ्या बाईचा तो मेहनताना आहे, आणि मेहनताना देणाऱ्याने नाक वर करायचं नसतं.

पुढे 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात लिहिलं गेलं, की सरकारी नोकरीतल्या किंवा असाच लाभ मिळणाऱ्या बायका सोडून प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये मिळावेत. योजना आली ती पहिल्या बाळापुरती आणि पाच हजारांची. उरलेल्या हजाराचा खुलासा असा केला गेला, की दवाखान्यात बाळंत होणाऱ्या पात्र बाईला जननी सुरक्षा योजनेतून पैसे मिळतात, ते मिळवले की ‘सरासरीने’ सहा हजार भरतात. महाराष्ट्रात ही जननी सुरक्षेची रक्कम शहरात सहाशे आणि खेड्यात सातशे. म्हणजे सोलापूर शहरातल्या बाईला सगळे मिळून पाच हजार सहाशे. चारशे कमी. आमच्या बँकेत संध्याकाळी कॅश चार रुपयांनी कमी भरली तरी कुणाला घरी जाता येत नाही. ‘साहेब, सरासरीने बरोबर आहे’ असं सांगून मी कधी सुटलेलो नाही. इथे दर बाईमागे चारशेचा फरक आहे, आणि उशिरापर्यंत थांबलेलं कुणीच दिसत नाही.

असो. माझ्यापुरतं एक झालं. मी त्या मुलीचा फॉर्म घेतला, तारखेचा शिक्का मारला आणि सर्व्हर चालू होईपर्यंत तो डोळ्यांसमोर ठेवला. अक्कलकोटच्या खात्यातले तीन हजारही तिला मिळाले. आणि दुसऱ्या दिवशी अक्का भांड्यांना आल्या त्या शेंगा चटणीचा डबा घेऊन. सुनेने स्वतः कुटलेली.

“साहेबांमुळं पैसं मिळालं,” त्या म्हणाल्या.

आली का पंचाईत! माझ्यामुळे तर पैसे अडले होते. चटणी घ्यावी तर तिच्या हक्काची माझी मेहेरबानी होते. आणि परत करावी तर ज्या घरात शेंगदाणे मोजून आणतात त्या घराचा अपमान होतो. शिवाय ग्राहकाकडून भेटवस्तू घेऊ नये, असं परिपत्रक आहे. मी डबा हातात घेऊन उभाच राहिलो.

“अहो, घ्या की,” सौ. म्हणाली, “चटणी देताहेत त्या, दाखला मागत नाहीत.”

मग मी खरं काय ते सांगितलं. खिडकीजवळचा, पंख्याखालचा, मान वर न करणारा माणूस मीच, असं म्हणालो. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. “ठाऊक हाय,” त्या म्हणाल्या. “सुनेनं त्या दिवशी घरात तुम्हाला बसलेलं बघितलं आणि टकलावरनं वळखलं.” आणि नळ सोडून भांडी घासायला बसल्या. चटणी कडक भाकरीबरोबर खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं. तिखट होती, असं मी सौ.ला सांगितलं.

दुसऱ्या हप्त्याचे दोन हजार आमच्याच शाखेत जमा झाले. ती मुलगी बाळाला घेऊन काढायला आली, तेव्हा मी मान वर केली, एवढंच नाही तर उभा राहिलो. रांगेतले लोक दचकले. त्यांना वाटलं, जेवणाची सुट्टी झाली. पैसे मोजून देत असताना बाळाने काउंटरवरच्या शाईच्या पॅडमध्ये हात घातला आणि माझ्या बाहीवर पाच बोटांचा ठसठशीत ठसा उमटवला. आई ओशाळली. मी मात्र तो ठसा काही कशाशी ताडून पाहिला नाही.